पेशी किती आल्या?

पावसाळा संपत आला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "पेशी किती आल्या?" विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही बरोब्बर कळतं की विषय डेंग्यूचा आहे आणि पेशी म्हणजे प्लेटलेट्स. (काही लोक "पांढऱ्या पेशी" म्हणतात. त्या वेगळ्या. पण हा तपशील त्या वेळी कुणालाच ऐकायचा नसतो.) पुस्तकात ह्यांना रक्तपट्टिका, बिंबाणू असे छान शब्द आहेत, पण दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या तोंडी मी ते कधी ऐकलेले नाहीत. तेव्हा आपण प्लेटलेटच म्हणू.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि विकांताला नसत्या गोष्टी वाचत बसतो. पण २०२३च्या ऑक्टोबरात आमच्या मामांना डेंग्यू झाला. त्या आठवड्यात मी जसा वागलो त्याची नंतर लाज वाटली, आणि त्या लाजेपायी बरंच वाचन झालं. त्यातून एक मत बनलंय. प्लेटलेटचा आकडा हा डेंग्यूतला सर्वात जास्त पाहिला जाणारा आणि सर्वात चुकीचा वाचला जाणारा आकडा आहे, आणि त्याच्याकडे टक लावून बसल्याने माणसं दगावू शकतात.

आता मामांची गोष्ट.

रविवारी ताप आला. मंगळवारी एनएस-१ पॉझिटिव्ह, प्लेटलेट १ लाख ४२ हजार. गुरुवारी ६१ हजार, म्हणून ॲडमिट केलं. लगोलग घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रूप निघाला, नाव "मामा अपडेट". त्यात दिवसातून दोनदा एक आकडा पडायचा आणि त्याखाली ओळीने जोडलेले हात. शुक्रवारी सकाळी ३८ हजार. त्याच सकाळी ताप उतरला. ग्रूपवर आनंदीआनंद... "ताप गेला, आता फक्त पेशी वाढू देत!" वॉर्डातून निरोप आला की दाता बघून ठेवा. मी लॅपटॉप मिटला आणि निघालो.

ज्यांनी कधी दाता शोधला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकाच दात्याकडून यंत्रावर काढलेल्या प्लेटलेटच्या पिशवीला एसडीपी म्हणतात. दात्याची शीर चांगली हवी, त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, त्याने तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको, आणि त्याला यंत्राला जोडून तास-दीड तास पडून राहायची तयारी हवी. खर्च दहा हजारांच्या वर. पुण्यात शुक्रवारी दुपारी असा माणूस मिळवणं म्हणजे काय ते विचारू नका. पाचव्या फोनवर ऑफिसातला एक मुलगा तयार झाला.

तेवढ्यात मामीचा फोन. "अरे, ह्यांच्या पोटात दुखतंय म्हणतात. दोनदा उलटी झाली. आणि नुसते पडून आहेत, बोलतच नाहीत."

मी काय म्हणालो असेन? "मामी, अशक्तपणा असतो गं. तू काळजी करू नकोस, दाता मिळालाय. दुपारच्या पेशी किती आल्या?"

नशीब असं की दुपारच्या पाळीला आलेल्या सिस्टरने मामांच्या पायाला हात लावला. पाय गार. रक्तदाब घेतला, १०० आणि ८४. मामीला वाटलं, शंभर म्हणजे ठीक आहे की! सिस्टर मात्र डॉक्टरांना बोलवायला पळत गेली. कारण तिने वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक पाहिला होता. फरक फक्त १६. तो एरवी चाळीसच्या आसपास असतो, आणि डेंग्यूत २० किंवा त्याहून कमी झाला की शॉक समजतात. सकाळपासून लघवी नव्हती. हिमॅटोक्रिट मंगळवारी ४१ होतं ते आता ५२. हा आकडा शुक्रवार सकाळच्या कागदावरही चढलेला दिसत होता, प्लेटलेटच्या काही ओळी वर. आमच्या ग्रूपवर तो कुणीही टाकला नव्हता. मीही नाही.

मग सलाईन, तेही मोजून-मापून, आणि तासातासाला नाडी, रक्तदाब, लघवी. रविवारी सकाळी मामांनी चहा मागितला तेव्हा आम्ही श्वास सोडला.

आणि ह्या सगळ्यात प्लेटलेटचं काय झालं? शनिवारी १९ हजार! मी डॉक्टरांशी चक्क वाद घातला. दाता तयार आहे, पैसे तयार आहेत, मग चढवत का नाही? ते शांतपणे म्हणाले, "रक्तस्राव नाही. गरज नाही." सोमवारी ४७ हजार, बुधवारी १ लाख १० हजार. एकही पिशवी न चढवता. ऑफिसातल्या मुलाला मी नंतर जेवायला घेऊन गेलो, एवढाच त्याचा उपयोग झाला.

डॉक्टर असं का म्हणाले, हे कळायला मला बरेच विकांत लागले.

आपल्या डोक्यात प्लेटलेटचं चित्र पेट्रोलच्या टाकीसारखं असतं. काटा खाली आला की भरायचं. प्रत्यक्षात प्लेटलेट म्हणजे दोन-तीन मायक्रॉनचे तुकडे. अस्थिमज्जेत मेगॅकॅरिओसाइट नावाच्या राक्षसी पेशी असतात, त्यांच्या कडांपासून हे तुकडे सुटतात. ह्या तुकड्यांना केंद्रक नसतं. शरीर रोज साधारण १०० अब्ज प्लेटलेट तयार करतं आणि एकेक सात ते दहा दिवस जगते. आमच्या भाषेत सांगायचं तर ह्या छोट्या छोट्या प्रोसेसेस आहेत. हजारोंनी सुरू करायच्या, थोडे दिवस चालवायच्या, मारून टाकायच्या.

इटलीतल्या जुलिओ बिझोझेरोने १८८२ साली त्यांचं रक्त थांबवण्यातलं काम दाखवलं आणि पुढची शंभरेक वर्षं त्यांच्याकडे "रक्तवाहिनीला ठिगळ लावणारे" एवढ्याच नजरेने पाहिलं गेलं. गेल्या काही दशकांत मात्र लक्षात आलं की ही मंडळी पहारेकरीही आहेत. त्यांच्या अंगावर विषाणू ओळखणारे रिसेप्टर असतात, पोटात रसायनांच्या पुड्या भरलेल्या असतात. रक्तात शिरलेल्या विषाणूची ह्यांच्याशी गाठ पडणारच, कारण ह्या सगळीकडे आहेत. एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख.

डेंग्यूचा विषाणू साधारण ५० नॅनोमीटरचा, म्हणजे प्लेटलेट त्याच्या चाळीस-पन्नास पट रुंद. तो डीसी-साइन नावाच्या रिसेप्टरला आणि हेपरान सल्फेटला चिकटून प्लेटलेटच्या आत जातो. आता गंमत बघा. प्लेटलेटला केंद्रक नाही, म्हणजे केंद्रकातला डीएनए नाही. पण डेंग्यूचा विषाणू आरएनएवाला आहे, त्याला केंद्रक लागतच नाही. प्लेटलेटमध्ये प्रथिनं बनवायची थोडी यंत्रसामग्री उरलेली असते, ती वापरून तो आपल्या आरएनएच्या नकला आणि आपली प्रथिनं तिथे बनवतो. भाड्याच्या खोलीत कारखाना टाकावा तसं.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे एनएस-१. हो, तेच ते, ज्याचं "पॉझिटिव्ह" आपण कागदावर वाचतो आणि विसरून जातो. विषाणूने पकडलेल्या पेशी हे प्रथिन रक्तात सोडत राहतात. ते प्लेटलेटवरच्या टीएलआर-४ ह्या रिसेप्टरला लागून तिला चेतवतं. चेतलेली प्लेटलेट चिकट होते, पांढऱ्या पेशींना चिकटते, आपल्या पुड्या फोडते, आणि यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. दुसऱ्या बाजूला, पहिल्या काही दिवसांत अस्थिमज्जेतलं उत्पादनही मंदावलेलं असतं. आवक कमी, जावक जास्त. आकडा पडणारच.

आणि हेच एनएस-१ रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही जाऊन बसतं आणि ते अस्तर सैल करतं. (२०१५ साली दोन वेगवेगळ्या गटांनी हे प्रयोगातून दाखवलं.) त्यात भर म्हणून, चेतलेल्या प्लेटलेटमधून बाहेर पडणारी दाहकारक द्रव्यंही त्या भिंती सैल करायला हातभार लावतात. मग रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, पोटात आणि छातीत पाझरू लागतो. लाल पेशी आतच राहतात, रक्त दाट होतं, म्हणून हिमॅटोक्रिट चढतं. आत फिरायला द्रव उरत नाही, नाडी बारीक होते, हातपाय गार पडतात. डेंग्यूने माणूस मरतो तो बहुतेक वेळा ह्या वाटेने. मोठा रक्तस्राव होतो तोही बऱ्याचदा लांबलेल्या शॉकच्या मागोमाग.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजायला सोपं जावं. लीक आहे लीक! आणि आम्ही सगळे लीक सोडून दुसऱ्याच आलेखाकडे पाहत होतो.

आता पिशवी चढवण्याचा प्रश्न. वरचं सगळं लक्षात घेतलं तर उत्तर आपसूक येतं. ज्या रक्तात प्लेटलेट चेतवून संपवल्या जात आहेत त्याच रक्तात आपण दुसऱ्याच्या प्लेटलेट ओततो. त्यांची गत काय होणार? तीच. आकडा काही तास वर दिसतो, ग्रूपवर हात जोडले जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. गळती मात्र तिच्या गतीने चालूच.

हा नुसता तर्क नाही. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये सिंगापूर आणि मलेशियातल्या पाच रुग्णालयांत झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. प्लेटलेट २० हजार किंवा त्याखाली, पण मोठा रक्तस्राव नाही, असे ३७२ प्रौढ रुग्ण. निम्म्यांना प्लेटलेट चढवल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्राव चढवलेल्यांत २१ टक्के आणि न चढवलेल्यांत २६ टक्के लोकांना झाला, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. दुष्परिणाम मात्र एकीकडे १३, दुसरीकडे २. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या सूचना रक्तस्राव नसताना नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट चढवू नका असंच सांगतात. आपल्या राष्ट्रीय सूचनांतही रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खालीच त्याचा विचार करा असं आहे. मामांचे १९ हजार त्या १० हजारांच्या रेषेच्या खाली नव्हते. वाद घालताना मला ह्यातलं काहीही माहीत नव्हतं.

कमी आकडा म्हणजे रक्त वाहणार, हे समीकरणही सरसकट खरं नाही. २०२१ साली ॲडेनोविषाणूवर बेतलेल्या कोविड लशींनंतर अतिशय क्वचित एक विकार दिसला. त्यात प्लेटलेट खाली जायच्या, आणि तरी रुग्णाच्या रक्तात गुठळ्या व्हायच्या! प्लेटलेटमधल्याच एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाल्याने त्या चेतून गुठळ्यांमध्ये खर्ची पडत होत्या. तिथे डॉक्टरांना सूचना होती की शक्यतो प्लेटलेट चढवू नका, आगीत तेल पडेल. खुद्द कोविडमध्येही आकडा बऱ्याच जणांचा फारसा पडत नसे, पण प्लेटलेट चेतलेल्या असत आणि फुप्फुसात गुठळ्या होत. फ्लूचे विषाणूही प्लेटलेट गिळतात. एचआयव्ही तर थेट मेगॅकॅरिओसाइटमध्ये शिरतो, कारखान्यातच. दर विषाणूची प्लेटलेटशी वागायची तऱ्हा निराळी. किती आहेत हे यंत्र सांगतं. त्या काय करताहेत हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

बरं, तो आकडा तरी किती पक्का? मोजणी यंत्रं खालच्या आकड्यांना डळमळतात. नळीतल्या रसायनामुळे काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र कमी मोजतं, म्हणून तर काचेवर रक्त पसरून डोळ्यांनी खात्री करतात. सकाळी ३८, संध्याकाळी ४१ ह्याला काहीही अर्थ नाही. आम्ही त्या तीन हजारांवर पेढे वाटायचे बाकी होतो.

चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली मांडलेला एक नियम आमच्या धंद्यात वारंवार ऐकायला मिळतो. त्याचा मतितार्थ असा की एखादं मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते मोजमाप म्हणून कामातून जातं. किती बग बंद केले ह्यावर बढती द्या, लोक किरकोळ बग उघडून बंद करतील. डेंग्यूत आपण सगळ्या गावाने मिळून तेच केलंय. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, बकरीचं दूध... सगळं त्या एका आकड्यासाठी. पपईच्या पानांवर छोट्या चाचण्या झाल्यात, काहींत आकडा थोडा लवकर वाढलेला दिसतो. पण त्याने शॉक टळतो, रक्तस्राव कमी होतो, हे सिद्ध झालेलं नाही. आणि बहुतेकांचा आकडा सहाव्या-सातव्या दिवसानंतर आपोआपच चढतो, त्यामुळे त्या दिवशी जे पोटात असेल त्याला श्रेय. सर्व्हर आपणहून सावरायच्या बेतात असताना कुणीतरी रीस्टार्ट करतो आणि हिरो होतो, तसंच हे. ह्यात धोकाही आहे. तो रस कडूजहर असतो, पिऊन उलटी होते, आणि सततची उलटी हीच डेंग्यूतली धोक्याची खूण. मग ती रसाने झाली की आजाराने, कसं ओळखणार?

आता तुम्ही म्हणाल, मग डॉक्टर चढवतात कशाला? कारण समोर माझ्यासारखे नातेवाईक असतात. उद्या काही बरंवाईट झालं तर "पेशी १९ हजार असताना तुम्ही काहीच केलं नाहीत" हे ऐकून घ्यायला तेच उभे असतात, आणि कधी कधी काचाही फुटतात. मामांच्या डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं. सगळ्यांना जमत नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

पण ती पिशवी फुकट जाते असं समजू नका. प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. २० ते २४ अंशांना सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत वापराव्या लागतात, म्हणजे साठा करणं शक्यच नाही. ऑक्टोबरात शहरातले सगळे दाते डेंग्यूमागे पळतात तेव्हा रक्ताच्या कर्करोगावर केमो घेणाऱ्या पोराला त्याच पिशवीची वाट पाहावी लागते. त्याची अस्थिमज्जा औषधांनी थंडावलेली असते, त्याच्या प्लेटलेट मामांसारख्या बुधवारी परत येणार नसतात. मी शोधलेला तो दाता खरं तर त्याचा होता.

ह्याचा अर्थ आकडा पाहूच नका असा नाही. झपाट्याने पडणाऱ्या प्लेटलेट आणि त्याच वेळी चढणारं हिमॅटोक्रिट, ही जोडी धोक्याची घंटा आहे. रक्तस्राव असेल तर प्लेटलेट लागू शकतात. तो निर्णय डॉक्टरांचा. माझं म्हणणं एवढंच, की घरच्यांनी विचारायचे प्रश्न बदलायला हवेत. आमच्या फ्रीजवर आता एक कागद लावलाय, त्यावर एवढंच आहे:

ताप उतरला की पुढचे ४८ तास जास्त लक्ष.
पोटात दुखणं, सारखी उलटी, गुंगी किंवा चुळबुळ, हिरड्या-नाकातून रक्त, गार हातपाय: लगेच डॉक्टर.
शेवटची लघवी कधी झाली?
हिमॅटोक्रिट काल किती, आज किती?
रक्तदाबाचे दोन्ही आकडे. फरक किती?
तापाला फक्त पॅरासिटामॉल, ठरल्या मात्रेत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या काकूंच्या मुलीला डेंग्यू झाला तेव्हा त्यांनी ह्या कागदाचा फोटो काढून नेला. दोन दिवसांनी जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "लघवी नीट होतेय, फरक चाळीसचा आहे." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मामांचं म्हणाल तर ते ठणठणीत आहेत. मी हे सगळं त्यांना दोनदा समजावून सांगितलंय, एनएस-१ पासून हिमॅटोक्रिटपर्यंत. त्यांनी नीट ऐकून घेतलं. परवा एका लग्नात मी त्यांच्या मागेच उभा होतो, आणि ते कुणाला तरी छाती पुढे काढून सांगत होते, "माझ्या पेशी एकोणीस हजारांवर गेल्या होत्या, माहितीये?"

असो.